नवीकोरी रद्दी

त्या घरात ज्याची त्याची जागा ठरलेली होती. रस्त्याकडची खोली थोरल्या दीर-जावेची, आतली धाकट्या दोघांची, देवाच्या कोपऱ्यालगतची सासूबाईंची, आणि मागच्या अंगाला काचा लावून बंद केलेली गॅलरी रद्दीची. निदान थोरली तरी तसंच सांगायची. आल्यागेल्याला घर दाखवताना ती गॅलरीच्या दारापाशी थांबायची, आवाज खाली आणायची आणि म्हणायची, "इथे आमची धाकटी असते. कचऱ्यातून कचरा करते."

पाहुणे हळहळायचे. धाकटी आतून मान हलवून त्यांचं स्वागत करायची आणि हातातली घडी पुरी करायची.

काम तसं साधं होतं. वापरून झालेल्या कागदाचे पंज्याएवढे तुकडे कापायचे. तुकडा मधोमध मिटायचा, दोन्ही बाजू खाली आणायच्या, उरलेले कान मागे वळवायचे, पुन्हा मिटायचं. हाती येतो एक जाडसर त्रिकोण. त्याला एका अंगाला दोन टोकं, दुसऱ्या अंगाला दोन खिसे. शेजारच्या दोघांची टोकं तिसऱ्याच्या खिशात जातात, आणि असे थरावर थर चढले की वाटी होते, फुलदाणी होते, घुबड होतं, हंस होतो. डिंक नाही, दोरा नाही, टाचणी नाही. मिटलेल्या कागदाला उलगडायची ओढ असते, आणि त्या ओढीनेच तो शेजाऱ्याला घट्ट धरून बसतो. एकत्र कुटुंबाचं तरी दुसरं काय असतं? कागद फक्त ते बोलून दाखवत नाही.

थोरली त्या त्रिकोणांना 'शिंगं' म्हणायची. "आज किती शिंगं फुटली गं?" हा तिचा दुपारच्या चहाबरोबरचा प्रश्न.

धाकटीचा एक नेम होता. ज्याचं काम संपलं, जो लोकांनी टाकून दिला, त्याच कागदाला हात लावायचा. नव्याला नाही. हा नेम तिला कुणी दिला नव्हता आणि तो मोडला तर कुणी जाब विचारणार नव्हतं. तिच्या दृष्टीने तेवढ्यासाठीच तो पाळायला हवा होता.

"नेम देवाधर्माला असतो गं," थोरली म्हणायची. "रद्दीला कसला नेम?"

"रद्दीला नाही, वहिनी. मला आहे."

"बरं बाई. तू संत आणि आम्ही पाणी भरणाऱ्या."

हे सगळं वर्षानुवर्षं सुखेनैव चाललं असतं, पण डॉक्टरांनी मध्येच भाऊजींना चालायला सांगितलं. भाऊजी म्हणजे थोरलीचा नवरा, घरातला कर्ता पुरुष. म्हणजे घरात काय करायचं ते इतरांना सांगणारा. रस्ते फुकट असल्यामुळे त्यांच्यावर भाऊजींचा विश्वास बसेना. त्यांनी ट्रेडमिल आणली. बैठकीच्या खोलीत, खिडकीखाली, सोफा आत ढकलून ती उभी केली. पहिला आठवडा तिच्यावर भाऊजी चालले. पुढे तिच्या दांड्यांवर थोरलीचे ओले कपडे वाळू लागले आणि भाऊजींचं पोट पूर्वीच्याच वेगाने वाढू लागलं. दोष अर्थातच जागेचा होता.

"इथे हवा कुठाय?" एकदा जेवताना भाऊजी म्हणाले. "गॅलरीत ठेवली तर मी रोज तासभर चालेन. समोर झाडबीड दिसतं. माणूस उगाच आजारी पडतो का? त्याला जागा मिळत नाही म्हणून पडतो."

धाकटीच्या हातातला घास थांबला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने ताटातल्या भाजीकडे पाहिलं. मोठ्या भावासमोर तो नेहमी भाजीकडेच पाहायचा.

"दादा, पण हिचं काम..." एवढं तो भाजीला म्हणाला.

"काम?" भाऊजी हसले. "काम म्हणजे ज्याला चार लोक विचारतात ते. हिच्या हंसाला विचारतंय कोण?"

आणि नेमकं दुसऱ्याच दिवशी कुणीतरी विचारलं.

नवरा ज्या कंपनीत भांडारात होता, ती कंपनी बाटल्यांची प्लॅस्टिकची झाकणं बनवायची. झाकणं नदीनाल्यांत पोचली, समुद्रात पोचली, माशांच्या पोटात पोचली. आता कंपनीला निसर्गाचा पुळका आला होता. निसर्गदिन साजरा होणार होता आणि दारातून शिरताच दिसेल असा टाकाऊ कागदाचा मोठा हंस हवा होता. ह्या कामावर नेमलेल्या मॅडमना कुणीतरी सांगितलं की भांडारातल्या माणसाची बायको असलं काहीतरी करते.

नवरा घरी आला तो धापा टाकत. भाऊजींनी बातमी ऐकली, मिशीवरून हात फिरवला आणि मोठ्या मनाने निकाल दिला.

"ठीक आहे. आपण न्यायाने वागणारी माणसं. कंपनीने हंस दारात ठेवला तर गॅलरी तुझी, पुन्हा विषय नाही. नाही ठेवला तर ट्रेडमिल आत आणि तुझी शिंगं माळ्यावर. मान्य?"

गॅलरी मुळात जिची होती, तिला ती जिंकायची संधी मिळाली. माणसाने आणखी किती उदार व्हावं?

"मान्य," धाकटी म्हणाली.

तिने नमुन्यादाखल छोटा हंस केला आणि मॅडम तो पाहायला स्वतः घरी आल्या. तरतरीत, उंच टाचांच्या, बोलताना दोन्ही हातांनी हवेत चौकटी काढणाऱ्या. धाकटीला त्यांनी पहिल्याच वाक्यात 'काकू' करून टाकलं.

"काकू, फार सुंदर! फार म्हणजे फारच. पण हे..." त्यांनी हंसाच्या छातीशी नाक नेलं. "हे काय लिहिलंय?"

धाकटीने चष्मा वर केला. औषधांच्या खोक्यांतली माहितीपत्रकं वापरली होती. पातळ असली तरी चिवट असतात. हंसाच्या छातीवर सुबक अक्षरांत उमटलं होतं: मळमळ, चक्कर, क्वचित झटके.

"लोक आत येतानाच हे वाचणार," मॅडम म्हणाल्या. "आपली प्रतिमा आहे हो एक."

"रद्दी आहे ना, काहीतरी लिहिलेलं असणारच."

"रद्दी हवीच आहे, काकू. तीच तर कल्पना आहे. पण ती रद्दीसारखी दिसायला नको."

धाकटीने दुसरा हंस केला. ह्या वेळी एकाच बाजूने छापलेले कागद घेतले, छापील बाजू आत मिटली आणि कोरी बाहेर ठेवली. हंस पांढराशुभ्र झाला. मॅडमनी तो चारी बाजूंनी पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला.

"हा तर नव्या कागदाचा वाटतो. ह्यात टाकाऊ काय आहे ते लोकांना कळणार कसं?"

"मी सांगेन की. रद्दीच आहे."

"काकू, सांगून काय होतं? दिसायला नको?"

थोरली चहाचे कप उचलायला आली होती. ती तिथेच दाराला टेकली. असली करमणूक रोज कुठे मिळते?

मॅडमनी हवेत एक मोठी चौकट काढली, तिच्यात बराच वेळ पाहिलं आणि उपाय शोधला. असे उपाय शोधण्याबद्दलच तर कंपनी त्यांना पगार देत होती.

"आपण रद्दी छापून घेऊ."

"म्हणजे?" धाकटीला वाटलं आपलं ऐकण्यात काहीतरी चुकतंय.

"नवा, जाड, चांगला कागद घ्यायचा आणि त्यावर जुन्या वर्तमानपत्रासारखा मजकूर छापायचा. वाचता येणार नाही इतपत. थोडा पिवळेपणा, कडेला एखादा चहाच्या कपाचा गोल डाग. अस्सल रद्दी! पण स्वच्छ."

चहाचे कप थोरलीच्या हातात किणकिणले. ती हसू दाबत होती.

आठवडा व्हायच्या आत गठ्ठा घरी आला. नवरा तो लग्नातल्या रुखवतासारखा दोन्ही हातांवर तोलत घेऊन आला. कागद खरोखर देखणा होता. एकेका तावावर न वाचता येणाऱ्या बातम्या होत्या, वयस्कर पिवळेपणा होता, आणि प्रत्येक तावाच्या उजव्या कोपऱ्यात, सूतभरही न चुकता, चहाचा तोच एक गोल डाग होता. मागची बाजू मात्र कोरी करकरीत.

धाकटी गॅलरीत दार लावून बसली. तिने एका तावाचा कोपरा फाडला आणि घडी घालून पाहिली. कागद शहाण्या मुलासारखा वळला. कड अशी बसली की नख फिरवायचीही गरज नाही. टोकं ताठ, खिसे खोल. असा कागद आयुष्यभर मिळाला असता तर हंस काय, हत्ती उभा केला असता. घरात कुणाला काही कळणार नव्हतं. कंपनीला तर हेच हवं होतं. आणि हे केलं नाही तर गॅलरीच्या काचेतून दिसणारं ते झाड भाऊजी पाहणार होते, पहिला आठवडाभर.

तिने त्रिकोण उलगडला. कागदावर घडीच्या रेषा राहिल्या. तिने तो तळहाताने सपाट केला, पण रेषा काही गेल्या नाहीत.

"नाही जमायचं हो," ती त्या दिवशी नवऱ्याला म्हणाली.

नवरा पलंगावर उठून बसला. "काय नाही जमायचं? मॅडमनी मोठ्या साहेबांना शब्द दिलाय! अगं, मी भांडारातला माणूस. मला नावाने ओळखायला लागलेत ते वरच्या मजल्यावर."

"नवा कागद आहे तो."

"रद्दी आहे ती! रद्दी म्हणूनच छापलीय. भांडाराच्या चोपडीतसुद्धा मी रद्दी म्हणूनच आत घेतलीय."

"तुम्ही चोपडीत काय लिहिलंय ते कागदाला कुठे माहीत आहे?"

इथे भाजी नव्हती, म्हणून नवऱ्याने उशीकडे पाहिलं.

पहाटे फुलं वेचताना धाकटीला तोडगा सुचला. कागद नवा आहे ना? मग तो वापरू या. कुणीतरी त्यावर काहीबाही लिहावं, आपलं काम उरकावं आणि टाकून द्यावा. टाकला की तो रद्दी. मग ती उचलेल. नेमही राहील आणि हंसही होईल. तिने घरभर ताव वाटले आणि सगळ्यांना हात जोडून सांगितलं की पाठकोऱ्यावर वाटेल ते लिहा, पण लिहा.

घरात एकच धांदल उडाली. भाऊजींना आपल्याकडे पुष्कळ विचार असल्याची खात्री होती. त्यांनी तावाच्या माथ्यावर 'माझे विचार' असं लिहिलं, त्याखाली दोनदा रेघ मारली आणि पेन कानाला लावून बसले. दुपारपर्यंत रेघेला तिसरी रेघ सोबतीला आली. थोरलीने साखर, साबण, जिरं असं लिहून ताव खाली टाकला आणि म्हणाली, "घे, झाली रद्दी. आणखी किती कामाला लावणार आहेस?" नवऱ्याने कंपनीच्या मालावर खासगी मजकूर लिहिणं नियमात बसतं का ह्याचा विचार केला, आणि विचारच करत राहिला.

खरी मदत सासूबाईंनी केली. गठ्ठ्यातला भलाथोरला वाटा त्यांनी मागून घेतला, खोलीत पाटावर बसल्या आणि लिहू लागल्या. सकाळी लिहीत होत्या, दुपारी लिहीत होत्या, दिवेलागणीनंतरही चष्मा पुसून लिहीत होत्या. धाकटी येता-जाता दारातून पाहायची आणि तिला भरून यायचं. म्हातारीच्या मनात किती साठलं असेल. लिहू दे, मोकळी होऊ दे.

"आई, हात दुखेल हो."

"दुखू दे गं. चांगल्या कामाला दुखतोय."

निसर्गदिन जवळ आला तसा सासूबाईंनी गठ्ठा धाकटीच्या स्वाधीन केला. धाकटीने त्यांना वाकून नमस्कार केला, गॅलरीत आली, पहिला ताव पट्टीखाली धरला आणि कात्री उघडली.

उघडली ती उघडीच राहिली.

पाठकोऱ्यावर, कडेपासून कडेपर्यंत, किरट्या अक्षरांत देवाचं नाव होतं. एका ओळीत जितक्या वेळा मावेल तितक्या वेळा. तिने दुसरा ताव पाहिला. तिसरा पाहिला. मधूनच एक उपसला. देवाच्या नावाशिवाय त्या गठ्ठ्यात एक अक्षर नव्हतं.

"आई," ती गठ्ठा घेऊन खोलीच्या दाराशी जाऊन म्हणाली. तिचा आवाज मुळातच हळू, आता तो जवळजवळ नव्हताच. "हे कापायचं होतं मला."

सासूबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या कात्रीकडे. त्यांनी गठ्ठा ओढून छातीशी धरला.

"देवाच्या नावाला कात्री लावतेस?"

"मी म्हटलं होतं ना, वाटेल ते लिहा म्हणून..."

"मग मला हेच वाटलं. मी काय सोम्यागोम्यांची नावं लिहीत बसू?"

थोरली हातातलं काम टाकून आली. "आई, लिहिलेली बाजू आतच मिटायची असते. हंसाच्या पोटात देव. कुणाला दिसणार नाही."

"देवाला दिसेल की."

"पण त्यात वाईट काय? देव सगळीकडे असतो म्हणता ना?"

"असतो. पण मी त्याला कापून, मुडपून, जिथे माणसं छत्र्या झटकतात तिथे नेऊन बसवणार नाही. आणि हंस जुना झाला की कचऱ्यात टाकतील, तेव्हा काय? तूच सांग धाकटे, तू नेमाची बाई आहेस."

धाकटी काय सांगणार? तिने नवा कागद रद्दी करायला दिला होता, तो एकदम पूजेला लागला होता. खाली उतरायला सांगितलेलं माणूस गच्चीवरून थेट आभाळात गेलं होतं. तिने कात्री मिटली.

"तुमचं बरोबर आहे, आई."

"अगं, बरोबर काय, बरोबर काय!" नवऱ्याने कपाळ धरलं. "मॅडमना काय सांगू? कागद देवाघरी गेला?"

उरलेल्या तावांत हंसाची मानही झाली नसती. भाऊजी ट्रेडमिलजवळ गेले, तिची एक दांडी हलवून पाहिली आणि कुणालाच उद्देशून नाही अशा बेताने म्हणाले, "चाकं आहेत खाली. एकटा माणूस सहज सरकवू शकतो."

दुसऱ्या दिवशी सकाळची पूजा आटोपून धाकटी छापखान्यात गेली. आणखी कागद मागायचा, एवढंच तिच्या मनात होतं. मिळाल्यावर नेमाचं काय करायचं ते तिने ठरवलं नव्हतं. वाटेत तिला दोनदा परत फिरावंसं वाटलं.

छापखाना एका बोळात, जिन्याखाली होता. शाईचा उग्र वास, आत घरघरणारं यंत्र, आणि यंत्राशेजारी काळ्या बोटांचा, कपाळाला आठ्या छापलेला मालक.

"ती रद्दी छापली होती तुम्ही, कंपनीची. आणखी मिळेल का थोडी?"

"कोण, ती चहाच्या डागाची?" मालकाने हात जोडले. "बाई, पाया पडतो. पुन्हा नाव काढू नका. बापाने मला स्वच्छ छापायला शिकवलं. एक ठिपका इकडचा तिकडे झाला की थोबाडीत द्यायचा. आणि ह्या वयात मला सांगतात, मळकं छापा. बरं, मळकं तरी मळकं चालावं? नाही! ह्यांना मळकंसुद्धा नीट हवं. डाग ह्या कोपऱ्यात, एवढाच गोल, एवढाच चहा. तीनदा यंत्र थांबवलं. एकदा डाग हिरवा आला, एकदा मधोमध आला. एकदा मजकुरावर मजकूर चढला आणि अगदी खऱ्या शिळ्या पेपरासारखा दिसायला लागला, तर त्या बाई म्हणाल्या, हे घाण वाटतं."

"मग त्या तावांचं काय केलंत?"

"काय करणार? ते काय पडलेत."

दारामागे सुतळीने बांधलेला ढिगारा होता. सासूबाईंच्या गठ्ठ्याहून मोठा. धाकटी त्याच्यापुढे उकिडवी बसली. वरच्या तावावर हिरवा डाग होता, जणू कुणी शेवाळाचा चहा प्यायलं होतं. खालच्यावर बातम्या एकमेकींच्या डोक्यावर बसल्या होत्या. एकावर मजकूर तिरपा होऊन कडेवरून घसरला होता. दोन ताव एकासारखे एक नव्हते.

"हे कुठे जाणार आता?"

"भंगारवाला येईल संध्याकाळी. रद्दीत."

"रद्दीत?"

"मग काय देव्हाऱ्यात?"

धाकटीने पटकन जीभ चावली. देव्हाऱ्याचं कागदाच्या बाबतीत पुन्हा कुणी नाव काढू नये असं तिला वाटत होतं.

"म्हणजे तुम्ही हे टाकलेत? नक्की टाकलेत? पुन्हा कशाला लागणार नाहीत?"

मालकाने यंत्र बंद केलं आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "बाई, ही रद्दी रद्दी म्हणूनसुद्धा नापास झालेली रद्दी आहे. हिच्याहून टाकलेलं जगात काही नसेल. न्या. माझी जागा मोकळी होईल."

धाकटीने सुतळीत बोटं घातली. हात ओझ्याने ताणले गेले, पण बोळातून बाहेर पडेपर्यंत ती मध्ये कुठे थांबली नाही.

मग घरात घड्यांचा धडाका सुरू झाला. कागद जाड असल्यामुळे टोकं ताठ येत होती. नवरा पहिल्यांदाच गॅलरीत येऊन बसला आणि कापायचं काम करू लागला. भांडारातली शिस्त होती, तुकडे एकसारखे यायचे. थोरली दारात उभी राहून चुका काढायची. दोन दिवस उभं राहून पाय दुखले तेव्हा बसली, आणि बसल्यावर हातांना चैन पडेना म्हणून एक त्रिकोण मिटून पाहिला.

"वहिनी, इतकं दाबू नका. खिसा मिटतो मग."

"मला शिकवू नकोस. शिंगं काय, मी आयुष्यभर बघतेय."

तिचे त्रिकोण खरंच फार दाबलेले होते. धाकटीने ते शेपटीकडे लावले; तिथे थोडी कुरकुर खपते.

पोटाचे थर सहज चढले. मान अवघड. मानेचा बाक आणायला पुढच्या अंगाला त्रिकोण पूर्ण आत खुपसायचे आणि मागच्या अंगाला जरासे सैल सोडायचे. जास्त सैल सोडले तर मान लोळते, जास्त घट्ट केले तर हंसाचा बगळा होतो. धाकटीने मान तीनदा उतरवली आणि चौथ्यांदा चढवली. शेवटी हंस उभा राहिला तेव्हा तो गॅलरीच्या दारातून मावेना. दार काढावं लागलं. भाऊजी म्हणाले, "बरंच झालं. यंत्र आत न्यायचं तर दार काढावंच लागणार होतं."

निसर्गदिनाच्या सकाळी कंपनीच्या चकचकीत दालनात हंस बसवला. धाकटी भिंतीशी उभी राहिली. मॅडम टाचा वाजवत आल्या, हंसाभोवती फिरल्या आणि एका पंखाशी थबकल्या.

"काकू, हा डाग हिरवा का आहे?"

नवऱ्याने दालनात भाजीसारखं काही आहे का ते शोधलं. प्लॅस्टिकची एक कुंडी होती. तो तिच्याकडे पाहू लागला.

धाकटी काही बोलणार तेवढ्यात दार उघडून मोठे साहेब आले, मागे चार माणसं. साहेबांनी हंस पाहिला. पुढे वाकून पाहिला. चष्मा काढून पाहिला.

"वा! ही अस्सल रद्दी. बघा, प्रत्येक तुकडा वेगळा. अशी वापरलेली, जगलेली रद्दी हवी. नाहीतर हल्ली लोक काय काय करतात."

मॅडमच्या चेहऱ्यावरून हिरवा डाग क्षणात पुसला गेला. "हो सर. मुद्दामच तसं करून घेतलं. छपाईपासून सगळं आम्हीच ठरवलं."

"छपाई?"

"म्हणजे, रद्दीच, सर. पण आपण तयार केलेली."

"तयार केलेली? आणि इतकी खरी वाटते? कमाल आहे!" साहेब जास्तच खूश झाले. मग त्यांचं लक्ष भिंतीशी गेलं. "ह्या कलाकार का? सांगा बाई, काय युक्ती केलीत?"

"काही नाही," धाकटी म्हणाली. "ही खरीच रद्दी आहे. छापखान्याने टाकून दिलेली."

सगळे खळखळून हसले. किती विनोदी आहेत काकू, असं मॅडम म्हणाल्या. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून चार माणसांनीही वाजवल्या. धाकटीने तेच वाक्य पुन्हा एकदा सांगून पाहिलं, तर पुन्हा हसले. तिसऱ्यांदा तिने सांगितलं नाही. खरं बोलायचं होतं ते बोलून झालं होतं. त्यावर विश्वास ठेवणं न ठेवणं तिच्या नेमात येत नव्हतं, ते त्यांचं त्यांच्यापाशी.

घरी आल्यावर नवऱ्याने सगळी हकिकत रंगवून सांगितली. भाऊजींनी शांतपणे ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला.

"हंस नक्की कुठे ठेवलाय?"

"दारातून शिरलं की समोरच."

"म्हणजे दारात नाही. दाराच्या आत." भाऊजींनी मान डोलावली. "मी शब्दाचा माणूस आहे. 'दारात' म्हणालो होतो. सगळ्यांनी ऐकलंय."

नवऱ्याने भाजी शोधली नाही. तो चक्क म्हणाला, "दादा, हे बरं नाही हं." पण तेवढं बोलून त्याचा साठा संपला. भाऊजी बाह्या सारून बैठकीच्या खोलीत गेले. गॅलरीचं दार काढलेलंच होतं. धाकटी त्या चौकटीत उभी राहिली, पाठीला गार वारा लागत होता. भाऊजींनी ट्रेडमिलवरचे ओले कपडे उचलून थोरलीच्या हातात कोंबले, दांड्या धरल्या, आणि पुढे पाऊल टाकणार तोच थांबले.

ट्रेडमिलच्या पट्ट्यावर, मधोमध, धुतलेल्या पांढऱ्या कापडात बांधलेला एक गठ्ठा होता. वर ताजं फूल.

"आई! हे काय?"

सासूबाई आतून आल्या. "देवाचं नाव आहे त्यात. हलवू नकोस."

"पण इथे कशाला?"

"मग कुठे ठेवू? कोपऱ्यात मावेना. जिथे कुणाचा पाय लागत नाही अशी जागा घरभर शोधली." त्यांनी ट्रेडमिलकडे कौतुकाने पाहिलं. "ही एकच सापडली."

थोरलीला ठसका लागला. नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. भाऊजींनी दांड्या सोडल्या. त्यांनी आईकडे पाहिलं, गठ्ठ्याकडे पाहिलं, फुलाकडे पाहिलं. आईशी वाद घालता आला असता, पण त्यासाठी आपण इथे रोज चालतो असं छातीवर हात ठेवून सांगावं लागलं असतं, तेही देवाच्या नावासमोर.

"राहू दे," ते शेवटी म्हणाले. "तसाही चिखल नसला की रस्त्यावर चालणंच उत्तम."

"आणि माझे कपडे?" थोरलीने हातातला ओला ढीग पुढे केला. पाणी फरशीवर गळत होतं. "हे मी आता कुठे वाळत घालू?" तिची नजर खोलीभर फिरली आणि उघड्या चौकटीतून आत गेली. गॅलरीत उजेड होता, वारा होता, खिळ्यासमोर खिळा होता. "तिथे एक दोरी बांधली तर..."

"तिथे नाही," धाकटी म्हणाली.

आवाज चढला नव्हता. चढवायचा कसा ते तिला माहीतही नव्हतं. पण खोलीतली सगळी माणसं तिच्याकडे वळली, आणि सासूबाईंनी चष्मा सारखा करून सुनेला नव्याने पाहिलं.

थोरलीने पिळलेला शर्ट खांद्यावर टाकला, बाकीचे कपडे कवेत घेतले आणि कुरकुरत गच्चीचा जिना धरला.

"शेपटीची शिंगं माझी आहेत हं," जिन्यातून तिचा आवाज आला. "साहेबांना ते कुणी सांगितलं का?"